सहदेवच्या गॅलरीतला निवडुंग

सहदेव कांबळेनं तीस वर्षं डेअरीत रात्रपाळी केली. सगळ्या उपनगराला सकाळी चहाला दूध हवं, म्हणजे रात्रभर कुणीतरी पिशव्या भरायला हव्यातच. पुढे साहेबांनी दिवसपाळी देऊ केली, तर यानंच नको म्हटलं. सकाळी आठला घाटकोपरच्या घरी यायचा, जेवायचा आणि पडदे ओढून झोपायचा. सुट्टीच्या रात्रीसुद्धा मढ्यासारखा. शेजाऱ्यांशी संबंध जिन्यात मान हलवण्यापुरता.

निवृत्त होऊन दहा दिवस झाले. हाताला काम नसलं की माणसाला घरातल्याच वस्तू खुपायला लागतात. सहदेवला गॅलरीतला निवडुंग खुपला. मानखुर्दच्या बहिणीनं, कमलनं, दिलेलं एक पान बायकोनं, अंजनानं, जुन्या बादलीत खोचलं होतं, त्याचं आता हे रान झालं होतं. लांब चपटी पानं, चिंध्यांनी ग्रिलला बांधलेली, अर्धी बाहेर लोंबणारी.

"सव्वीस वर्षांत एक फूल नाही. नुसता फुकट खातोय!" तो बायकोला म्हणाला. "नर्सरीवाल्या निमेशला सांगितलंय, उद्या सकाळी नेतोय. तिथं वॉशिंग मशीन बसेल."

मेथी निवडता निवडता अंजनानं वर बघितलं. "बरं," एवढंच म्हणाली. सहदेवनं तो होकार समजला. बिचारा!

रात्री साडेअकराला बेल वाजली. दारात शेजारची शकु, हातात हळदीकुंकवाचं तबक, मागे तिची सून पूर्वी.

"अय्या, भाऊजी, तुम्ही जागे? उमललं ना ब्रह्मकमळ? गेल्या वर्षी तेरा होती, यंदा किती?"

"काय उमललं?"

शकुला वाटलं, थट्टा करतायत. हसत ती सरळ गॅलरीत गेली. सहदेव मागोमाग गेला आणि उंबऱ्यावरच थिजला. ग्रिलबाहेरच्या पानांना पांढरीशुभ्र फुलं लटकली होती, एकेक बशीएवढं. वासानं गॅलरी भरली होती. एक फूल आधीच आत बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवलेलं होतं.

"दर वर्षी येतात?" त्यानं विचारलं.

"बावीस वर्षं झाली," अंजना म्हणाली.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं की. पहिलं फूल तुम्ही येईपर्यंत ठेवलं. सकाळी ते मान टाकतंच. तुम्ही म्हणालात, 'हे मेलेलं काय दाखवतेस, झोपू दे.' मग मी उजाडायच्या आत कापून टाकायला लागले."

सहदेवला त्यातलं काहीच आठवेना. हाच धक्का मोठा होता.

"आपल्या दर्शनाला माहीत होतं?"

"कडेवर घेऊन दाखवायचे तिला. मोठी झाल्यावर तीच मला उठवायची."

म्हणजे सासरी गेलेल्या पोरीला माहीत, शेजारच्या सुनेला माहीत. या घराची एक रात्र होती, सगळ्यांनी बघितलेली, आणि ती फक्त त्याला ठाऊक नव्हती.

"निमेशला नको म्हणून कळवतो," तो कसाबसा म्हणाला.

"ते सकाळी बघू. पहाटेपर्यंतच असतात ही. बसा आता. आतून स्टूल आणा."

तो आत गेला. फ्रिजमागे बघितलं, ओट्याखाली वाकला, दारामागे हात घातला. बाहेर बायका थांबल्या होत्या. शेवटी स्वतःच्या स्वयंपाकघरात उभा राहून त्यानं हाक मारली, "अंजना, स्टूल कुठं असतं गं आपल्याकडे?"