साळवे सिस्टर आणि पुलावरचं फाटक

साळवे सिस्टर मीटिंगमध्ये कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. समोर खुर्च्या रिकाम्या असत, कुणीतरी "बसा ना सिस्टर" म्हणत असे, आणि त्या पदर कमरेला खोचून भिंतीपाशी उभ्याच राहत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "बसलं की माणूस नुसतं ऐकून घेतंय मॅडम. मला ऐकायचं नाय, सांगायचं हाये."

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी गोड लिहिता येणार नाही, कारण त्या गोड नव्हत्या. चिडलेल्या होत्या, आणि त्या चिडण्याला कारण आम्ही होतो.

आम्ही म्हणजे गारखेड्यातल्या एका कॉलनीतले लोक. शिक्षक, बँकवाले, निवृत्त अधिकारी. प्रत्येकाच्या दारात तुळस आणि स्कूटर. कॉलनीच्या मागच्या अंगाला नाला आहे आणि नाल्यापलीकडे सिस्टरांची वस्ती. आमच्या गच्चीवरून त्यांच्या विहाराचा निळा झेंडा दिसतो, बायका भांडी घासताना बोलतात तेही ऐकू येतं. पण शाळा, दवाखाना, रिक्षाथांबा, सगळं आमच्या बाजूला. वस्तीतल्या माणसाला तिथं यायचं तर मोठ्या रस्त्याने लांबचा वळसा, नाहीतर नाल्यात टाकलेल्या दगडांवरून उड्या. पावसाळ्यात तेही नाही.

सिस्टर मूळच्या सोयगावकडच्या. नर्सिंगचं शिक्षण घेऊन सरकारी दवाखान्यात लागल्या, इकडे बदलून आल्या आणि इथूनच निवृत्त झाल्या. माझी मुलगी दीड महिन्याची असताना तिला पहिली सुई त्यांनी टोचली. त्या दिवशी त्यांची साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली होती आणि लशींचा डबा मात्र कोरडा होता. "डबा डोक्यावर धरला व्हता," त्या म्हणाल्या. "मी भिजले तं वाळंल. लस भिजून चालत नाय." मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं. राग यायला हवा होता. नोकरीवर येण्यासाठी एका नर्सला रोज नाला का ओलांडावा लागतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

काही वर्षांपूर्वी शहराच्या वस्ती-सुधारणेच्या योजनेत आमच्या भागाचा नंबर लागला. वस्तीत फरसबंदी, दिवे, झाकलेली गटारं आणि नाल्यावर पायी जायचा पूल. दोन्हीकडच्या लोकांना शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं. एका तरुण इंजिनिअरने भिंतीवर रंगीत चित्र लावलं. हिरवीगार झाडं, पांढरा पूल, पुलावरून हसत चाललेली एक बाई. सगळे "वा, वा" करत होते. भिंतीपाशी उभ्या सिस्टरांनी विचारलं, "ही बाई कोण म्हणायची?"

इंजिनिअर गोंधळला. "कोणी नाही मावशी. नमुना म्हणून."

"हिच्या हातात काहीच नाय. ना पिशवी, ना लेकरू, ना हंडा. आमच्याकडची बाई मोकळ्या हातानं चालताना मी आजपतुर पायली नाय. तुमी पूल कोणासाठी बांधून राहिले?"

लोक हसले. इंजिनिअर हसला नाही. त्याने वही काढली. दुसऱ्या दिवशी तो मोजमापाला आला, तेव्हा नाल्याच्या काठावर सिस्टर चार बायकांसह उभ्या होत्या आणि बायकांच्या खांद्यावर एक बाज. आजारी माणसाला वस्तीतून याच बाजेवर आडवं करून आणत. सिस्टर म्हणाल्या, "झोपा साहेब." तो बिचारा खरंच झोपला. बायकांनी त्याला उचलून शे-दीडशे पावलं चालवलं, वळवलं, उतरवलं. तो उठला, कपडे झटकले आणि त्याने नकाशावरची पुलाची रुंदी वाढवली. तो पोरगा सरकारी माणूस होता, पण माणूस होता. ही गोष्ट सिस्टर शेवटपर्यंत कबूल करत.

पूल झाला. पहिले काही महिने छान गेले. मुलं कोरड्या पायांनी शाळेत येऊ लागली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका वेळेवर येऊ लागल्या, याचा आनंद आम्हाला सगळ्यात जास्त झाला. मग हळूहळू कुजबुज सुरू झाली. "वर्दळ फार वाढली." "कोण कुठलं येतंय, कळत नाही." कोणाची तरी सायकल चोरीला गेली. ती पुढे त्यांच्याच भाच्याच्या घरी सापडली, पण तोवर अर्ज तयार झाला होता. आमच्या कॉलनीचे सचिव काळेसाहेब तो घेऊन दारोदार फिरले. 'रहिवाशांच्या सुरक्षेसाठी पुलाच्या कॉलनीकडील टोकाला फाटक बसवून ते सायंकाळी सात ते सकाळी सात बंद ठेवण्याबाबत.'

मी सही केली. न वाचता केली असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी अर्ज वाचला होता. कणीक मळता मळता हात धुतले, चष्मा लावला, पूर्ण वाचला आणि सही केली. काळेसाहेब शेजारी होते, आणि शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं!

वर्गणी जमली, लोखंडी फाटक बसलं. वर भाल्यासारखी टोकं. कुणाची परवानगी घेतली होती का? आम्ही विचारलं नाही. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या पुलाला आम्ही आमचं कुलूप लावलं आणि चावी आमच्या वॉचमनकडे ठेवली.

सिस्टरांची सून ज्योती चितेगावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला होती. पहिल्या पाळीची बस सकाळी सहाला आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर येई. वस्तीतल्या आणखी तीन-चार बायका त्याच बसने जात. फाटक लागल्यावर त्या पुन्हा वळसा घालून, अंधारात मोठ्या रस्त्याने चालत येऊ लागल्या. एके सकाळी ज्योतीला उशीर झाला. समोर बस उभी दिसत होती आणि मधे फाटक. तिने वॉचमनला हाका मारल्या. तो म्हणाला, "ताई, सात के पहले खोलने का हुकूम नहीं है." ती फाटकावर चढली. उतरताना पाय घसरला आणि वरचं टोक उजव्या तळहातातून आरपार गेलं.

तो हात पुढे नीट मिटेना. महिनाभर ती घरी बसली, ठेकेदाराने दुसरी बाई घेतली.

ज्योतीला लागल्यानंतर चौथ्या दिवशी सिस्टर माझ्या दारात आल्या. "जयभीम, मॅडम." मी नेहमीसारखं "नमस्कार" म्हटलं आणि चहा ठेवायला वळले.

"च्या नको. कागद पायला मी. सतरावी सही तुमची हाये."

मी म्हणाले, "सिस्टर, चुकलं माझं. माफ करा."

"माफी काहून मागता? माफीनं फाटक उघडतं व्हय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर सोपं गेलं असतं. "तुमच्या लेकीला मी सुई टोचली तवा तुमी मला विचारलं नाय, कोणत्या बाजूनं आल्या म्हनून. तवा माझे हात चालले तुमाला. आता ज्योतीचा हात गेला. माफी ठिवा तुमच्यापाशी. सही केली ना कागदावर? मंग कागदावरच मागं घ्या."

आणि त्या निघून गेल्या. चहाचं पाणी उकळून आटलं.

मला ते पत्र लिहायला दहा दिवस लागले. लाज वाटते, पण लागले. आमचे हे म्हणाले, "रोज तोंड बघायचंय या लोकांचं. तुला काय पडलंय?" शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारी मी! मुलांना समतेवर दहा ओळी लिहायला सांगत होते आणि स्वतःला चार ओळी लिहवत नव्हत्या. अकराव्या दिवशी लिहिल्या. 'मी माझी सही मागे घेत आहे. फाटक बेकायदा आहे व त्यामुळे एका स्त्रीला कायमची इजा झाली आहे.' एक प्रत काळेसाहेबांना दिली, एक सिस्टरांना. सिस्टरांनी ती डोळ्यांपासून लांब धरून वाचली, घडी केली आणि पिशवीत ठेवली. म्हणाल्या, "आता एक झालं. बाकीच्याकडं चला माझ्यासंगं."

गेले. पाच जणांनी सह्या मागे घेतल्या. बाकीच्यांनी दारं उघडली नाहीत.

मग सिस्टरांनी माहितीच्या अधिकारात पुलाचा मंजूर नकाशा काढला. त्यात फाटक नव्हतंच. पुन्हा त्याच हॉलमध्ये बैठक झाली, तोच इंजिनिअर नकाशा घेऊन आला. काळेसाहेब शांतपणे, अधिकाऱ्याच्या मराठीत बोलले. "सिस्टर, आमचा तुमच्यावर वैयक्तिक रोष नाही. पण तुमचे लोक..."

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "माझे लोक कोण? तुमच्या घरी पोळ्या करती ती माझी. तुमच्या आईला शेवटच्या दिवसात आंघोळ घालायची ती माझी. तुमचा संडास धुती ती बी माझी. मागच्या दारातून घरात घेता, तवा भेव वाटत नाय. पुलावरनं सरळ चालत आली की लगीच चोर व्हती का?"

काळेसाहेब पाणी प्यायले. इंजिनिअरने एवढंच सांगितलं की फाटक आठ दिवसांत काढलं नाही तर नोटीस निघेल.

फाटक निघालं. पण आम्ही काय लोक आहोत ते पुढे कळलं. पंधरा दिवसांत तिथं कुंड्या आल्या. सिमेंटच्या मोठाल्या गोल कुंड्या, त्यांत बोगनवेल आणि क्रोटन, पुलाच्या तोंडाशी तीन ओळींत अशा मांडलेल्या की एक माणूस अंग चोरून जाईल. सायकल जाणार नाही, बाज तर नाहीच. शेजारी पाटी: 'सुशोभीकरण. कृपया झाडांची काळजी घ्या.' मी काळेसाहेबांना विचारलं तर हसून म्हणाले, "अहो मॅडम, झाडांना कोणी नाही म्हणतं का?"

सिस्टरांनी या वेळी अर्ज केला नाही. रविवारी सकाळी, सगळे घरी असताना, त्या वस्तीतल्या वीसेक बायका घेऊन आल्या. दोघी-तिघींनी मिळून एकेक कुंडी तिरकी करून गडगडत नेली. फोडली एकही नाही, पानही तोडलं नाही. ज्यांनी सही मागे घेतली नव्हती त्यांच्या दारासमोर एकेक कुंडी, बरोबर मधोमध ठेवली. काळेसाहेबांच्या दारात दोन. त्यांना बाहेर पडायला अंग चोरावं लागलं. ते ओरडले, "हे काय चालवलंय?"

"सुशोभीकरण," सिस्टर म्हणाल्या. "झाडाची काळजी घ्या."

मी दारात उभी राहून बघत होते. ज्योती एका कुंडीला डाव्या हाताने जोर लावत होती. मी चपला न घालताच उतरले आणि तिच्या शेजारी हात लावला. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या कुंडीकडे वळल्या.

त्यानंतर पूल मोकळा राहिला. मला वाटलं होतं, आता आमची मैत्री होईल. त्या ओट्यावर येऊन बसतील, चहा घेतील. तसं झालं नाही. रस्त्यात भेटल्या की थांबत, ज्योतीच्या हाताचं सांगत, नाहीतर शाळेतल्या कुठल्या पोरीची फी अडलीय ते बघायला लावत. एकदा मीच धीर करून म्हटलं, "सिस्टर, अजून रागावलात माझ्यावर?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "तुमी चूक दुरुस्त केली मॅडम, चांगलं केलं. पण ते उपकार नव्हते. अन् माझ्या रागाला रोज उठून तुमाला कुरवाळायला लावू नका." मग म्हणाल्या, "राग असू द्या. रागानंच मी नाला ओलांडत व्हते. नायतर मधेच बसले असते."

शेवटच्या आजारपणात दोनदा भेटले. पोटाचं दुखणं होतं, उशिरा कळलं. खाटेवर पडल्या पडल्या त्या दवाखान्यातल्या नव्या नर्सला सुई कशी धरायची ते रागावून शिकवत होत्या. दिवाळीनंतर गेल्या.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मी पूल ओलांडून गेले. खरं तेच लिहायचं तर, पूल होऊन इतकी वर्षं झाली आणि त्यावरून पलीकडे जायची माझी ती चौथी-पाचवीच वेळ होती. विहार माणसांनी भरला होता. काळेसाहेबही आले होते, पांढऱ्या कपड्यांत, आणखी चार-पाच जणांसह. वंदना झाली, लोक बोलले. मग काळेसाहेब उठले. सिस्टर आमच्या भागाचं भूषण होत्या, दोन वस्त्या जोडणारा दुवा होत्या, असं ते बोलत राहिले. माझी नखं तळहातात रुतत होती. शेवटी त्यांनी हात जोडले. "आमच्या कॉलनीच्या वतीने मी असं सुचवतो की या पुलाला साळवे सिस्टरांचं नाव द्यावं. कमानीचा खर्च आम्ही करू."

थोड्या टाळ्या पडल्या. विहारात टाळ्या वाजवतात का, या संकोचाने त्या लगेच थांबल्या. सगळ्यांनी ज्योतीकडे पाहिलं.

ती पुढच्या रांगेतून उठली. उजवा हात तिने पदरात घेतला होता, तसाच राहू दिला.

"आत्याबाईचं नाव पुलाला नको, साहेब," ती म्हणाली. "उद्या तुमी परत कुलूप लावलं, तं ते तिच्या नावाला लागंल."