जळगावातला सगळ्यात शुद्ध सोफा

माझ्या नाकाला वास कळत नाही, असं या घरातल्या सगळ्यांचं मत आहे. मला ते मान्य नाही. खालची हकीकत वाचून तुमचंही तेच मत होईल. तरीही मान्य नाही.

ईशान, तारा, हिवाळ्यात तुम्ही मेहरूण तलावावर फिरायला गेलात आणि येताना एक पिल्लू घेऊन आलात. बिस्किटाच्या पुड्यामागे चालत आलं, म्हणून नाव बिस्किट. मग सुट्टी संपली, तुम्ही विमानात बसलात आणि बिस्किट राहिलं आमच्याकडे. रिक्षात बसताना तारा ओरडली, "आजी, त्याला कुठे पाठवायचं नाही हं!" मी म्हटलं, "नाही पाठवणार." मी दिलेला शब्द मोडत नाही. (शब्द आबा मोडतात. चहातली साखर त्यांनी कायमची सोडली आहे, असं ते दर दिवाळीला सांगतात.)

त्याच संध्याकाळी बिस्किट सोफ्यावर चढलं, ईशान बसायचा त्या कोपऱ्यात गोल गोल फिरलं, हुंगलं आणि तिथेच मोकळं झालं. ('शू केली' असंही म्हणता आलं असतं, पण ज्याने तो ओघळ पाहिला त्याला तो शब्द फार लहान वाटेल.) मला वाटलं, बिचाऱ्याला तुमच्या जाण्याचं दुःख झालं. पुढे त्याला अधूनमधून दुःख होऊ लागलं.

उन्हाळा लागला आणि धुळ्याहून अक्का आल्या. अक्का म्हणजे आबांच्या थोरल्या बहीण. आमच्या पिंप्राळ्याच्या गच्चीवरचं ऊन त्यांना फार पसंत, म्हणून दरवर्षी ज्वारीचे बिबडे, म्हणजे खानदेशी पापड, घालायला येतात. आल्या, पिशवी ठेवली, सोफ्यावर बसल्या आणि बसल्या तशाच उठल्या.

"व माय! कसाना वास ई राहिना?"

"कुठे? मला तर येत नाही," मी म्हणाले.

"तुले कसा येई? तुन्हं नाक बारा महिने चोंदेल!"

आबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "कुत्र्याचा आहे. मी जानेवारीपासून सांगतोय." (जानेवारीपासून ते वर्तमानपत्राआडूनच सांगत होते.)

अक्कांनी तिथल्या तिथे निकाल दिला. "रविवारले मना पोऱ्या गाडी लई येस. तेन्हासंगे हाऊ कुत्रा शिरपूरले धाडी देऊ. मळामा ऱ्हाई, उंदरं धरी."

"बिस्किट कुठेही जाणार नाही," मी म्हणाले.

"मग वास जावाले जोयजे!"

"जाईल. रविवारी तुम्ही स्वतः बसून बघा. वास आला तर घेऊन जा कुत्र्याला!"

हे मी बोलून गेले. तेही शेजारच्या मंगलाताईंसमोर, म्हणजे अख्ख्या कॉलनीसमोर! आता माघार नव्हती. पण मीही काही कच्ची नव्हे. इंग्रजीतले चार लेख वाचून काढले. सगळ्यांचं एकच म्हणणं: डाग घासू नका, टिपून घ्या, पांढरं व्हिनेगर फवारा, खायचा सोडा भुरभुरवा. व्हिनेगर घरात होतंच. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक बाटलीवर सुवाच्य इंग्रजीत चिठ्ठी असते, हे तुम्हाला माहीत आहे. आबा त्याला 'सरकारी दवाखाना' म्हणतात. म्हणोत. फळीवरची पुढची 'व्हिनेगर' लिहिलेली बाटली घेतली, इस्त्रीच्या पाण्याचा फवारा भरला आणि सोफ्यावर मारला.

दुसऱ्या दिवशी बिस्किट त्याच कोपऱ्यात!

मी पुन्हा फवारलं. ते पुन्हा चढलं. मी डोस वाढवला. त्यानेही वाढवला. पूर्वी त्याला अधूनमधून दुःख व्हायचं. आता सकाळ-संध्याकाळ, नेमाने, जणू कोणी आमंत्रण देऊन बोलावत होतं. मी फवारा खाली ठेवायचा अवकाश, हे नाक खुपसून हजर!

"अहो, तुम्हाला अजून वास येतो?" मी आबांना विचारलं.

"आधी कुत्र्याचा यायचा. आता गोठ्याचा येतो."

"तो व्हिनेगरचा आहे. व्हिनेगर असंच उग्र असतं."

"बरं," आबा म्हणाले आणि खुर्ची ओसरीत नेली.

मंगलाताई दारातूनच बोलू लागल्या. आत बोलावलं की त्यांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं. मग एका दुपारी मीच सगळ्यांना जेवायला बोलावलं. भरीत, कळण्याची भाकरी, आणि घरातला वास व्हिनेगरचाच आहे हे सगळ्यांना पटावं म्हणून मुद्दाम त्याच बाटलीतल्या व्हिनेगरात मुरवलेला कांदा. कांद्याला कोणी हात लावला नाही. "पित्त होतं," मंगलाताई म्हणाल्या. "दात शिवशिवतात," आबा म्हणाले. अक्कांनी ताट सरकवलं. पचनाला इतका चांगला पदार्थ! मी जिद्दीने दोन वाट्या संपवल्या.

शनिवारी सोफाच गच्चीवर नेला. वैशाखातलं जळगावचं ऊन! त्यात वास काय, सोफासुद्धा उरला नसता. एका बाजूला अक्कांचे बिबडे, दुसऱ्या बाजूला माझा सोफा, मध्ये काठी घेऊन आबा. मी दर तासाला वर जाऊन फवारत होते. मंगलाताई बिबडे उलटता उलटता म्हणाल्या, "काकू, तुमचं व्हिनेगर जरा वारा बघून मारा हो. पापड आमच्याही घरी जाणार आहेत!"

रविवार उजाडला. सोफा खाली आला. अक्कांचा मुलगा गाडी घेऊन दारात उभा, बिस्किट टेबलाखाली लपलेलं, मंगलाताई 'सहज' आलेल्या. मी म्हटलं, एक शेवटचा हात मारू. बाटली काढून फवारा भरत होते, तेवढ्यात अक्का पिशवी आवरता आवरता ओरडल्या,

"सुधा, मनं गोमूत्र कोठे गयं वं?"

"मला काय माहीत? तुमच्या डब्यात असेल."

"डबा तं बसमा गळना. तुन्ही रिकामी बाटली व्हती, तेन्हामा भरेल व्हतं." आणि मग त्यांनी माझ्या हाताकडे बोट केलं. "ती काय! तुन्हा हातमा शे!"

बिस्किट टेबलाखालून बाहेर आलं आणि प्रेमाने फवारा हुंगू लागलं.

आबांनी चष्मा लावून फळीकडे पाहिलं. खरं व्हिनेगर मागच्या रांगेत उभं होतं, झाकणाचं सील न तुटलेलं. म्हणजे आठवडाभर मी माझ्या हाताने, माझ्या सुवाच्य इंग्रजी चिठ्ठीवर विश्वास ठेवून, सोफ्यावर एका जनावराचं पाणी शिंपडत होते, आणि दुसरं जनावर 'ही जागा माझी आहे' असं तितक्याच इमानदारीने उत्तर देत होतं!

"मग आते?" अक्का म्हणाल्या. "वास तं ई राहिना. कुत्रा गाडीमा टाकू?"

डोळ्यांसमोर रिक्षातली तारा आली. माझा पदर मी खोचला.

"अक्का, रोज सकाळी उंबऱ्यावर चार थेंब शिंपडून घर शुद्ध होतं ना?"

"व्हस."

"मग या सोफ्यावर अख्खी बाटली पडली आहे. आता हा सोफा अशुद्ध आहे असं कोणाला म्हणायचं असेल, त्याने माझ्यासमोर म्हणावं!"

मंगलाताईंनी पदर तोंडाला लावला. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं आणि सवयीने हात जोडले. सोफ्याला!

गाडी बिबडे घेऊन गेली. कुत्रं इथेच आहे.

त्यानंतर मी सोफ्याची खोळ काढून साध्या पाण्याने स्वच्छ धुतली. गादीला खरं व्हिनेगर लावलं, सोडा भुरभुरवला आणि चांगलं कडकडीत वाळू दिलं. बिस्किटाची खाण्याची वाटी त्याच कोपऱ्यापाशी ठेवली, कारण जेवायच्या जागी ते घाण करत नाही. सकाळी चहाच्या आधी आबा त्याला बाहेर नेतात. (वर्तमानपत्र नंतर मिळतं.) तेव्हापासून सोफा कोरडा आहे. पुढच्या हिवाळ्यात या, ईशानचा कोपरा त्याची वाट पाहतो आहे.

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आता मराठीत आहेत. माझं नाक मात्र उत्तम आहे, हे मी परवाही आबांना ठणकावून सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "तो कांदा आम्ही कोणीच का खाल्ला नाही, हे तुला अजून कळलेलं दिसत नाही."