लिस्बनमधलं बिनछपराचं चर्च

ऑफिसच्या कामासाठी लिस्बनला जायचं होतं, तेव्हा मी हट्टाने आईलाही सोबत नेलं. बाबा गेल्यापासून ती अंधेरीतल्या आमच्या गावठाणाबाहेर फारशी पडत नव्हती.

पहिल्या दिवशी जेरोनिमोस मठ पाहिला. खांबांवर, कमानींवर दगडात कोरलेले दोरखंड, पानंफुलं, समुद्रातले प्राणी. बघून बघून माझी मान अवघडली. आई बाकावर बसून पाय चोळत होती. म्हणाली, "इतकं कोरलंय गं, देवाकडे लक्ष जाणार कधी?"

दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या कार्मो मठात मात्र ती दारातच थबकली. उंच कमानी जागच्या जागी उभ्या, आणि वर नुसतं आकाश.

"छप्पर कुठाय?"

मी वाचलेलं सांगितलं. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी भूकंप झाला. माणसं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जमली होती, आणि छप्पर त्यांच्यावर कोसळलं. पुढे चर्च पुन्हा बांधायला घेतलं, ते अर्धवट राहिलं आणि मग तसंच ठेवलं.

आईने क्रूसाची खूण केली. "म्हणजे दुसऱ्या दिवशी मृतांचा दिवस. यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायला तरी कोण उरलं असेल?"

माझ्या वाचनात हे कुठेच नव्हतं.

ती एका खांबाच्या पायथ्याशी बसली आणि पर्समधून जपमाळ काढली. मला अवघडल्यासारखं झालं. आता तिथे संग्रहालय आहे, लोक तिकीट काढून फोटो काढायला येतात.

"आई, इथे नको ना."

"का? चर्चच आहे ना?"

तिने 'नमो मरिये' ही मरियामातेची प्रार्थना सुरू केली, घरी म्हणतो त्याच सुरात. तेवढ्यात तिथली एक कर्मचारी आमच्याकडे आली. पिकलेल्या केसांची, गणवेशातली बाई. मी सॉरी म्हणायच्या तयारीत. पण ती नुसती ऐकत उभी राहिली. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा असतो, उरलेला बाकीच्यांनी. आई अर्ध्यावर थांबली आणि त्या बाईने पुढचा भाग हलक्या आवाजात पोर्तुगीजमध्ये म्हटला. मग आईने पुन्हा मराठीत सुरुवात केली. थोड्या वेळाने आईचा खांदा दाबून बाई आपल्या कामाला गेली.

टेकडी उतरताना आई म्हणाली, "आपल्या अंधेरीतही आहे असं पडकं चर्च. कंपन्यांच्या आवारात. साथ आली, माणसं मेली, उरलेली दुसरीकडे जाऊन राहिली. छप्पर तिथेही नाही."

पवईला ऑफिसला जाताना माझी रिक्षा त्या आवारावरूनच जाते. आत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"मे महिन्यात तिथे मिस्सा असते," ती म्हणाली. "तुझे बाबा मला पहिल्यांदा तिथेच दिसले."

"हे कधी बोलली नाहीस!"

"तू विचारलंस कधी?"

पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघी गेलो. उन्हाने भिंती तापल्या होत्या, फटींतून झाडं उगवली होती. मिस्सा संपल्यावर आईने एका कमानीकडे बोट दाखवलं. "तिथे उभे होते, डोक्यावर रुमाल टाकून. माझ्याकडे बघत होते आणि गाणं भलतंच म्हणत होते."

घरी येईपर्यंत ती बाबांबद्दलच बोलत राहिली. त्यांचं घोरणं, त्यांचा हट्टीपणा, काही म्हणून सोडलं नाही. आणि मध्येच मोठ्याने हसली.