शाहीनची दोन विद्यापीठं

महिन्याभरापूर्वी सकाळी नांदेडहून शाहीनच्या भावाचा फोन आला. "सुनंदाताई, आपा गेली," एवढंच तो बोलला. तिच्या किडन्या निकामी होत चालल्यात हे मला ठाऊक होतं, तरी मी त्याला पुन्हा सांगायला लावलं...

लातूरच्या भूकंपानंतर काही वर्षांनी आम्ही दोघी नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्र शिकायला आलो. मी लातूरजवळच्या मुरुडच्या शेतकऱ्याची लेक, ती नांदेडच्या शिंप्याची. एकदा आमचे सर आम्हाला भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या गावच्या नव्या वस्तीत घेऊन गेले. तिथं एका म्हातारीनं विचारलं, "पुन्हा हालंल का, मास्तर?" सर म्हणाले, "मला माहीत न्हाई, मावशी," आणि तिच्या शेजारी खाली बसले. परतताना शाहीन म्हणाली, "एवढं शिकून माहीत न्हाई म्हणायला लई धीर लागतो गं."

पुढं ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. कायम कुणी केलं नाही. तोवर लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. क्लासेस चालवणाऱ्या एका कंपनीनं आपले शिक्षक घडवायला स्वतःचं विद्यापीठच काढलं आणि शाहीन तिथं लागली. थंडगार वर्ग, वेळेवर पगार, आणि वर्गात काय बोलायचं तेही छापून हातात. "तिकडं काय विचारावं ते शिकलो, इकडं परीक्षेत काय विचारतील ते शिकवायलेत," ती म्हणायची. "पण पोट इकडंच भरलं, हे बी खरं हाय."

एके दिवशी प्रशिक्षणाला आलेल्या शिक्षकानं तिला विचारलं, लातूरला पुन्हा भूकंप होईल का? पोरांना काय सांगू? ती म्हणाली, "मला माहीत नाही. कुणालाच ठाम सांगता येत नाही." संध्याकाळी कंपनीच्या साहेबांनी बोलावलं. "मॅडम, आमचा शिक्षक अडत नाही. अडला की पोरांचा विश्वास उडतो." करार संपला तो पुन्हा झालाच नाही. ती नांदेडला घरी परतली, डायलिसिस सुरू झालं. दोन्ही विद्यापीठांतून तिच्याकडे कुणी फिरकलं नाही.

परवा शाहीनच्या अम्मीला भेटायला गेले. शाहीनचे चित्रित केलेले तास कंपनी अजून इंटरनेटवर दाखवते, म्हणून भावानं मोबाइलवर एक लावला. प्रश्न विचारला की शाहीन थांबायची, समोरचा बोलेपर्यंत थांबायची. व्हिडिओत ते सगळं थांबणं कापून टाकलेलं. प्रश्न, लगेच उत्तर, लगेच पुढचा प्रश्न... अम्मीनं थोडा वेळ पाहिलं आणि मोबाइल चादरीवर पालथा घातला.

"मेरी बेटी इत्ती जल्दी-जल्दी कब्बी नै बोलती थी."