बर्फातली शेगडी

सोनाबाईंनी पहिला बर्फ पाहिला तो मुलाच्या गाडीच्या काचेतून. विमानतळ मागे पडला आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरं, सपाट, नजर पोचेल तिथपर्यंत. "परेश, हिकडंपन मिठागरं हायेत?" त्यांनी विचारलं आणि परेशला हसू आवरेना. घरी उतरल्यावर त्यांनी अंगणातलं चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं. "खारट नाय वैनी, एवढाच फरक," असं मला फोनवर सांगितलं.

सोनाबाई उरणच्या बाजूच्या, खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. बावीस वर्षं आमच्या पनवेलच्या खांदा कॉलनीत डोक्यावर माशांची पाटी घेऊन येतात. पापलेटाचा कल्ला उघडून दाखवत, "बघा, तुमच्या साहेबांपेक्षा ताजा हाय," असं दारातच मोठ्यानं म्हणायला त्या बिचकत नाहीत. नवरा, काशिराम, मुलगा सातवीत असताना गेला. परेशला त्यांनी या पाटीवर शिकवलं. तो आधी बंदरावर कंटेनरच्या यार्डात लागला, मग कॅनडात ट्रक दुरुस्तीच्या कामावर गेला. विनिपेगच्या बाहेर त्यानं घर घेतलं भाड्यानं. त्याची बायको प्रांजल सुकापूरची. तिला दिवस राहिले तेव्हा तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे बाळंतपण सोनाबाईंच्या वाट्याला आलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून व्हिसाचा फॉर्म भरला. बॅगेत अळीव, डिंक, ओवा, बाळंतशोपा, सुके बोंबील, करंदी. आणि तळाशी, लुगड्यात गुंडाळलेलं एक लहान लोखंडी घमेलं.

"घमेलं कशाला?" मी विचारलं.

"शेक-शेगडी नको? बाळंतिणीला शेक नाय दिला तर म्हातारपनी कंबर बोलते, वैनी. तुमाला कोनी दिला नाय म्हनून तुमी अशा वाकून चालता."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ईशानी झाली. सोनाबाईंची नात.

ते घर लाकडी, ठोकळ्यासारखं. खिडक्यांना दुहेरी काचा, दाराच्या फटींना रबर. आपल्याकडे घराला वारा लागतो म्हणून कौतुक करतात, तिकडे वारा लागत नाही म्हणून. पहिल्याच दिवशी सोनाबाईंनी बोंबील भाजले तर छताला लावलेलं, धूर-वायूचा इशारा देणारं पांढरं डबडं किंचाळायला लागलं. "याला मासली खपत नाय," त्या म्हणाल्या. "माळकरी हाय का?" परेशनं स्टुलावर चढून डबडं काढलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. पुन्हा लावू म्हणाला. रोज काही ना काही भाजलं-तळलं जाई, ते तिथेच राहिलं.

सोनाबाईंना तो हिवाळा आवडला, हे खरं आहे. सकाळी चहाचा कप घेऊन त्या खिडकीशी बसत. रात्रीतून कुंपण किती बुडालं ते बघत. एकदा परातभर कोरा बर्फ आणून त्यावर कोकमाचं आगळ आणि साखर घातली, आणि बाळंतिणीला दिसणार नाही अशा बेतानं मायलेकांनी मोरीपाशी उभं राहून गोळा खाल्ला. शेजारी आयरीन नावाची सत्तरीची बाई राहायची. ती त्यांना गोठलेल्या तळ्यावर घेऊन गेली. बर्फाला भोक पाडून त्यात गळ सोडायचा. सोनाबाई मराठीत बोलायच्या, आयरीन इंग्रजीत. दोघी तीन तासांत अकरा मासे घेऊन आल्या. सोनाबाईंनी ते चिरून, मीठ लावून मागच्या ओसरीवर दोरीला टांगले. दुसऱ्या दिवशी मासे लाकडासारखे कडक. "ऊन नसताना सुकतात! माशी नाय, मांजर नाय!" हे दाखवायला त्यांनी मला मुद्दाम व्हिडिओ कॉल केला होता.

फक्त एका गोष्टीची त्यांना सवय होईना. आवाज नव्हता. कोंबडा नाही, भोंगा नाही, कुणी कुणाला हाक मारत नाही. बर्फ पडायला लागला की उरलासुरला आवाजही तो गिळतो. "कानात कापूस घातल्यासारकं होतं," त्या म्हणायच्या. "आपन मोठ्यानं बोललो तरी भिंतीतच राहतं."

शेक सुरू झाला तो बाळंतपणाच्या पाचव्या दिवसापासून. उन्हाळ्यात अंगणात मांस भाजायला आणलेली कोळशाची पिशवी परेशकडे होतीच. त्यानंच ती काढून दिली. एक अट घातली, खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. घमेल्यात निखारे, वर ओवा आणि बाळंतशोपा, ते पलंगाच्या पायथ्याशी सरकवायचं. प्रांजल बी.कॉम., बँकेत काम केलेली. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "आई, हीटर आहे की."

"हीटर कातडं तापवतो. हाडं नाय."

तिसऱ्या दिवशी तीच विचारू लागली, "आई, आज शेक कधी?" त्या धुरीच्या वासानं तिला सुकापूरचं घर जवळ आल्यासारखं वाटायचं. दुपारी तेल लावून बाळाला आंघोळ, मग शेक, मग आजी, आई, नात तिघी एका खोलीत. बाहेर बर्फ, आत ओव्याचा वास. सोनाबाई जुनी गाणी म्हणायच्या. असं सुख आपल्याला आधी कधी मिळालं नव्हतं, असं प्रांजलनं नंतर मला सांगितलं.

दुपारनंतर प्रांजलचं डोकं धरायचं. अंगात रक्त कमी आहे म्हणून अळीव वाढवले. सोनाबाईंचंही डोकं जड व्हायचं, ती थंडी. प्रांजल एकदा न्हाणीघरात भोवळ येऊन बसली, तेव्हा मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. बाळाचं मात्र सगळं छान चाललं होतं. त्या आठवड्यातल्या एका कॉलवर सोनाबाईंनी मला ती दाखवली. पलंगाशी घमेलं दिसत होतं, लाल. मुलीच्या गालांवरही तशीच लाली.

"कशी सफरचंदावानी झालीये बघा. आनि झोप तर अशी, वैनी! दूध पाजायला उठवावी लागते. रडत म्हनून नाय."

"नशीबवान आहात," मी म्हणाले.

जानेवारीच्या शेवटी मोठं वादळ आलं. परेश सकाळी कामावर गेला आणि दुपारी रस्ते बंद झाले. तो गॅरेजमध्येच अडकला. खिडकीच्या त्या चार बोटांच्या फटीतून बर्फाची भुकटी थेट बाळाच्या दुपट्यावर येऊ लागली. सोनाबाईंनी खिडकी लावली. तरी वारा शिटी वाजवत होता, म्हणून फटीत जुनं लुगडं कोंबलं. दुसरं दाराच्या खाली सारलं, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. थंडी जास्त, म्हणून कोळसेही जास्त घातले.

प्रांजल म्हणाली, "आई, आज किती छान वाटतंय," आणि कुशीवर वळली.

पुढचं सोनाबाई नेहमी एकाच क्रमानं सांगतात. आपण पलंगाला टेकून बसलो होतो. डोळे मिटत होते. ओसरीवर दोरीचे मासे वाऱ्यानं भिंतीवर आपटत होते, टक टक. मासे उडून जातील, एवढा एकच विचार आला. उठलो तर पाय आपले नव्हते. भिंत धरत दार उघडलं, ओसरीवर गेलो, आणि तिथेच भडभडून उलटी झाली. गार वारा छातीत गेला. डोकं थोडं निवळलं. हातात मासे होते.

आणि तेव्हा त्यांना होल आठवला. होल म्हणजे बोटीच्या पोटातली मासे साठवायची बंद जागा. त्या नवीन लग्न होऊन आल्या होत्या तेव्हा धक्क्यावर एका बोटीच्या होलमध्ये दोघे खलाशी साफसफाईला उतरले आणि वर आलेच नाहीत. काढलं तेव्हा झोपल्यासारखे होते. कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही जाणतं, होलचं झाकण उघडून वारा खेळू दिल्याशिवाय आत उतरायचं नाही.

"बोटीचं ठाऊक होतं, वैनी. घराचं नव्हतं. घरानं कवा कोनाला मारलंय?"

त्यांनी पदर बर्फात बुडवून तोंडाला बांधला, होलमध्ये उतरणारे बांधतात तसा. श्वास कोंडून आत गेल्या. आधी बाळ आणलं. ते सैल होतं, "चिरलेल्या माकुल मासलीसारकं." ओसरीवर ठेवून पुन्हा आत. प्रांजलला गोधडीसकट ओढत आणलं. उंबऱ्याशी दम सुटला, पण तोवर दार सताड उघडं होतं. मग अनवाणी, गुडघाभर बर्फात उभ्या राहून त्या ओरडल्या. पाटी घेऊन गल्लीत ओरडतात त्या आवाजात. आयरीनच्या घरी तो पोचला.

रुग्णवाहिका बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या मागोमाग आली, चाळीस मिनिटांनी.

दोघी वाचल्या. प्रांजल त्याच संध्याकाळी बोलू लागली. ईशानी तिसऱ्या दिवशी रडली, तेव्हा वॉर्डातल्या नर्सही हसल्या. डॉक्टरांनी आणि एका सरकारी बाईनं परेशला बाजूला बसवून कोळशाच्या विषारी वायूबद्दल प्रश्न विचारले. सोनाबाई शेजारीच होत्या. परेश बराच वेळ इंग्रजीत बोलला. त्यातलं त्यांना एवढंच समजलं: फर्स्ट टाइम. टेन मिनिट्स.

"त्यांना काय सांगितलंस?" त्यांनी बाहेर आल्यावर विचारलं.

"सांगितलं की शेगडी मी पेटवली. आजच पहिल्यांदा. दहा मिनिटंच."

"आनि रोजचं?"

"आये, रोजचं सांगितलं तर सरकारवाले पोरगी घेऊन जातील. तुला परत पाठवतील. गप बस."

त्या गप्प बसल्या. डॉक्टरांनी दोनदा तपासणीला बोलावलं, मग काळजीचं कारण नाही म्हणून सोडून दिलं. घरी परेशनं ते पांढरं डबडं पुन्हा छताला लावलं आणि घमेलं मागच्या बाजूला बर्फात भिरकावलं. आईला तो एक शब्द उलट बोलला नाही. फक्त बाळ रडलं की म्हणायचा, "आये, तू बस." प्रांजल आंघोळीला गेली तर मुलीला बरोबर न्यायची. एप्रिलमध्ये बर्फ वितळला, घमेलं चिखलात उघडं पडलं, त्याच आठवड्यात सोनाबाईंचं परतीचं तिकीट होतं.

पनवेलला आल्यावर त्यांनी पाटी पुन्हा सुरू केली. त्यांच्या घरी नेटचा पत्ता नसतो म्हणून रविवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बसून कॉल करायचा, असं ठरलं. तेव्हा तिकडे सकाळ असते. त्या पहिल्यांदा हात धुतात, पदरानं कोरडे करतात, मगच फोन हातात घेतात. ईशानी गोड आहे, आवाजाला वळते, हसते.

ऑगस्टपासून सोनाबाई कॉलवर कमी बोलू लागल्या आणि जास्त बघू लागल्या. "तिला वाटी दे गं," म्हणायच्या. "आता चमचा दे. तिकडनं नको, या बाजूनं दे." प्रांजल हसून द्यायची. कॉल संपल्यावर त्या बराच वेळ ओट्याला टेकून उभ्या राहायच्या.

ऑक्टोबरच्या एका रविवारी मी विचारलं, "काय बघता तुम्ही?"

"डावी मूठ," त्या म्हणाल्या. "ती उघडत नाय. नऊ म्हयन्यांची पोरं दोनी हातांनी ओरबाडतात. डावरं का उजवं ते मागनं कळतं. ही उजव्यानंच घेते."

"परेशला म्हणाला नाहीत?"

"कसं म्हनू? डोळ्यादेखत हाय त्यांच्या, पन रोज बघनाऱ्याला दिसत नाय. मी सांगितलं तर म्हनतील, म्हातारीनं केलं आनि आता म्हातारीच दाखवते." पदर खोचत म्हणाल्या, "मग फोनपन बंद होईल. रविवारचं एवढंच तर हाय."

त्या दिवशी त्या तशाच गेल्या. पुढच्या रविवारी कॉलवर त्याबद्दल बोलल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आल्या तेव्हा पाटी रिकामी होती, पण हात धुवायला विसरल्या. फोन माशाच्या हातांनीच घेतला. पलीकडे प्रांजल भांडी घासत होती, परेश मुलीला मांडीवर घेऊन बसला होता, खिडकीबाहेर त्या वर्षीचा पहिला बर्फ भुरभुरत होता.

"आये, बघ, सुरू झाला," परेश म्हणाला.

"परेश, तिला डाव्या बाजूनं चमचा दे."

"आता काय गं?"

"दे तू."

त्यानं चमचा मुलीच्या डाव्या हातापाशी धरला. ईशानीनं चमच्याकडे बघितलं, खुदकन हसली, सगळं अंग पिळून वळली आणि उजवा हात आडवा आणून तो घेतला. डावी मूठ छातीशी होती तशीच.

परेशनं चमचा काढून घेतला. पुन्हा धरला. मुलगी पुन्हा वळली. तिसऱ्यांदा त्यानं तिचा उजवा हात आपल्या हातात धरून ठेवला आणि चमचा डावीकडे नेला. ती चमच्याकडे बघत राहिली. मग रडायला लागली. मागे नळाचा आवाज बंद झाला.

"कधीपासून?" परेशनं विचारलं.

"मला दिसलं त्याला दोन म्हयने झाले. मी बोलले नाय, ती माझी चूक." सोनाबाईंचा आवाज गल्लीत हाक मारतात तसा चढला होता. "आता ऐक. उद्याच्या उद्या दाक्तरकडं ने. आनि खरं सांग. पहिल्यांदा नाय, रोज पेटवत होते. सव्वा म्हयना. खिडकी मी लावली, फटीत लुगडं मी कोंबलं. दहा मिनिटं नाय, दोन तास. माजं नाव घाल. त्यांना ठाऊक नसेल तर ते औषद कशावर देतील?"

प्रांजल ओल्या हातांनी येऊन परेशच्या शेजारी बसली आणि मुलीची डावी मूठ एकेक बोट करून उघडू लागली. बोटं उघडत होती. सोडली की मिटत होती.

"लिहून घे," सोनाबाई म्हणाल्या. "मी सांगते तसं लिहून घे. पाचव्या दिवशी सुरू केलं."

परेश उठला आणि कागद शोधू लागला.