जास्तीचं अळू

आई गेली त्यानंतरच्या हिवाळ्यात मी पर्माकल्चरच्या दोन दिवसांच्या वर्गाला नाव नोंदवलं. शेतीची आवड म्हणून नव्हे. मला शेती नाही, कधी नव्हती. वर्तकनगरात तळमजल्यावर एक फ्लॅट आहे, आणि आईच्या आजारपणात मी नोकरी सोडलेली. वर्गाच्या माहितीत लिहिलं होतं की दोन्ही दिवस जेवण सगळ्यांबरोबर होईल. मी गेले ती त्यासाठी.

वर्ग टिटवाळ्याच्या पुढे एका शेतावर होता. शिकवणारी बाई माझ्याहून बरीच लहान, उन्हाने रापलेली, हळू बोलणारी. पहिल्याच तासाला तिने सांगितलं, की पर्माकल्चर म्हणजे नुसती सेंद्रिय शेती नाही. जागा अशी आखायची, की तिच्यातली प्रत्येक गोष्ट दुसरीच्या उपयोगी पडेल आणि एकाचा कचरा दुसऱ्याचं खाद्य होईल. जंगलाला कोणी खतपाणी घालत नाही, तरी ते उभं असतं. ते कसं, हे बघून आपल्या जागेत तसं करायचं. पाणी पळू द्यायचं नाही, मुरवायचं. सुरुवात छोटी करायची, सावकाश करायची. आणि या सगळ्याच्या बुडाशी तीन गोष्टी: जमिनीची काळजी, माणसांची काळजी, आणि जास्तीचं होईल ते वाटून टाकणं.

"पण त्याच्याही आधी नुसतं बघायचं," ती म्हणाली. "जमलं तर सगळे ऋतू."

दुपारी तिने कागद वाटले. मधोमध आपलं घर काढायचं, भोवती वर्तुळं. जिथे दिवसातून अनेकदा पाय वळतात ते पहिल्या वर्तुळात, क्वचित जातो ते बाहेरच्या. म्हणजे मग रोज लागणारी कोथिंबीर दाराशी लावायची आणि आंबा लांब, हे आपोआप कळतं. माझ्या शेजारी एक जोडपं बसलेलं. त्यांचा कागद विहीर, गोठा, सासऱ्यांचं घर असं करत भरून गेला. माझ्या कागदावर ओटा, मागचं दार आणि आईची खाट. बाहेरची वर्तुळं रिकामी होती.

शिकवणारी बाई माझ्यामागे येऊन थांबली.

"ताई, या खाटेपाशी रोज जाता?"

"हो."

"कोण असतं तिथे?"

"आता कोणी नाही."

तिने कागदावरच्या खाटेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "तिथे ऊन किती वेळ येतं, ते बघा."

घरी आल्यावर मी ते बघितलं. इतकी वर्षं त्या खोलीत औषधं दिली, चादरी बदलल्या, पण ऊन कुठून येतं ते कधी पाहिलेलं नव्हतं. सकाळी ते उशीवर पडायचं, हळूहळू पायथ्याकडे सरकायचं आणि दुपारच्या आत निघून जायचं. मला ते बघत बसायची सवय लागली. करायला दुसरं काही नव्हतंच.

मग मी मागच्या दाराबाहेर उभी राहायला लागले. बिल्डिंग आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मातीची एक लांब पट्टी आहे. टाकी भरली की ओव्हरफ्लोचं पाणी तिथे पडायचं आणि भिंतीच्या कडेने वाहून जायचं. पहिल्या मजल्यावरचे काका, तेही एकटेच राहायचे, रोज मला तिथे उभी बघायचे. एकदा खाली आले.

"काही हरवलंय का?"

"नाही. पाणी कुठे जातं ते बघतेय."

"गटारात जातं."

"हो. तेच."

ते वर निघून गेले. त्या आठवड्यात कोणाशी झालेलं माझं सगळ्यात मोठं संभाषण ते.

वर्षभर बघून झाल्यावर, पुढच्या उन्हाळ्यात, सेक्रेटरींना विचारून मी तिथे एक पसरट खड्डा खणून घेतला. पाणी त्यात वळवलं, वर पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातली सालं टाकली, आणि काठावर केळ, हळद, अळू लावलं. केळीने सावली धरली, अळूने खालची माती झाकली. श्रावण संपेपर्यंत अळूची पानं सुपाएवढी झाली.

जास्तीचं वाटून टाका, हे वर्गात ऐकायला सोपं वाटलेलं. पानांची जुडी हातात घेऊन मी जिन्यात उभी राहिले तेव्हा कळलं, की द्यायची कोणाला हेच मला माहीत नाही. आईच्या आजारपणात जाणं-येणं सुटलं ते सुटलंच. एक बेल वाजवली, दार उघडलं नाही. दुसऱ्या घरी नवीन भाडेकरू होत्या. सेफ्टी डोअरच्या आतूनच त्यांनी विचारलं, "कसं दिलं?"

"विकत नाही. मी खालीच राहते."

"अच्छा," त्या म्हणाल्या, "पण आमच्याकडे नाही खात."

पहिल्या मजल्यावर काकांनी जुडी उलटसुलट करून पाहिली. "मला कुठे करता येतंय अळू. करून दिलंत तर खाईन."

मी चण्याची डाळ, शेंगदाणे घालून फतफतं केलं. दोन माणसांचा अंदाज हाताला राहिला नव्हता, पातेलंभर झालं. काका माझ्याकडेच येऊन जेवले. चिंच कमी पडलीय, म्हणाले, आणि पुन्हा वाढून घेतलं. मग दर रविवारी यायचे. बोलायचे थोडं. पण रविवारसाठी मी आदल्या दिवशीच डाळ भिजवायला लागले.

दिवाळीत त्यांचा मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला, कायमचा. जाताना त्यांनी पाटा-वरवंटा मला दिला. त्यांच्या दाराला कुलूप आहे. मध्ये एकदा फोन आला. तिथे जेवण वेळेवर मिळतं, म्हणाले.

यंदाही अळू तसंच माजलंय. आता मी बेल वाजवत नाही. सकाळी जुड्या बांधून वॉचमनच्या टेबलावर ठेवते, संध्याकाळपर्यंत त्या गेलेल्या असतात. कोण नेतं ते कळत नाही. मी विचारतही नाही.

परवा मागचं दार उघडलं तर खड्ड्याच्या काठावर एक डबा होता. त्यात भाज्यांची सालं आणि धुतलेली अंड्याची टरफलं. माझ्या घरात अंडी येत नाहीत. जिन्याकडे बघितलं, कोणी नव्हतं. मी टरफलं हाताने कुस्करली, सालांबरोबर खड्ड्यात पसरली, वर पाला ओढला. मग डबा धुऊन पुन्हा काठावर पालथा घातला.