पातळ आमटीचं पान

एका जुन्या कादंबरीतलं एक पान मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. दारात पाहुणे, घरात मूठभर डाळ. नायिका आमटीत तांब्याभर पाणी ओतते आणि चुलीपुढे रडत बसते. गरिबी माणसाला कशी मोडते ते बघा, असं मी मुलांना सांगायचो.

परवा गावच्या वाचनालयातली प्रत हाती आली. त्याच पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘रडतेस काय बाई? लसूण ठेच आणि वरून चरचरीत फोडणी दे. वासानंच निम्मं पोट भरतं.’ खाली दुसऱ्याच अक्षरात उत्तर होतं, ‘दिली. पोरांनी वाट्या चाटल्या.’

मी मोठ्यानं हसलो. माझ्या वर्गात इतकी वर्षं रडत बसलेल्या तिला या दोघींनी हाताला धरून उठवलं होतं!

ग्रंथपाल बाई लगबगीनं आल्या आणि पानात डोकावल्या. "कुणी लिहिलंय का, सर? खोडरबर देते."

"खोडरबर नको, पेन्सिल द्या."

आमच्याही घरी आमटी पातळच असायची. वर्गात मी हे कधी बोललो नाही. त्या दोन ओळींखाली मी लिहिलं, ‘आमची आई हिंगही घालायची.’